घरी बनवलेल्या कॅम्पर ट्रेलरचं वायरिंग किती करायचं, कुठे थांबायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरमध्ये वायरिंग करायलाच हवं का?

नाही. दोन रात्रींसाठी बाहेर पडणाऱ्याचं चार्जिंगचे दोन एलईडी कंदील, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि एक पॉवर बँक एवढ्यावर आरामात भागतं. भिंतीत एकही तार नसली की बिघडण्यासारखंही काही उरत नाही. पहिलाच ट्रेलर बांधणाऱ्याला मी बहुधा हेच सुचवतो: सुरुवातीचे काही मुक्काम वायरिंगशिवाय करा आणि कुठे अडलं ते लिहून ठेवा. दिवा कुठे लागला, फोन उशाशी ठेवला की पायाशी, रात्री पंख्याची आठवण आली का, असं सगळं. त्या नोंदींवरून केलेलं वायरिंग घरी बसून काढलेल्या आराखड्यापेक्षा बरंच लहान निघतं.

अट एकच. आतले पत्रे किंवा प्लाय कायमचे ठोकण्याआधी तारांसाठी रिकामे पाइप टाकून ठेवा आणि प्रत्येक पाइपात एक मजबूत दोरी सोडा. पुढे कधी तार ओढायची झाली तर ती दोरी कामाला येते. नाहीतर एका दिव्यासाठी सगळी भिंत उघडावी लागते.

मग किती करायचं हे ठरवायचं कशावरून?

तीन गोष्टींवरून. गाडी न हलवता एका जागी किती रात्री राहणार? फ्रिज असणार का? आणि घरातल्या प्लगवर चालणारं काही सोबत नेणार का? दिवे किती, स्विच कुठे, यूएसबी कुठे, हे सगळं नंतरचं आहे आणि त्याने फारसा फरक पडत नाही. या तीन उत्तरांवरून मात्र बॅटरीचा आकार, तारांची जाडी आणि चार्जिंगची सोय जवळपास ठरून जाते.

रोज पुढे सरकणारा, फ्रिजऐवजी बर्फाची पेटी वापरणारा आणि लॅपटॉप घरी ठेवणारा माणूस अगदी साध्या वायरिंगवर वर्षानुवर्षं खूश राहतो. आठवडाभर एकाच ठिकाणी बसून काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. घोळ होतो तो पहिल्या प्रकारचा माणूस दुसऱ्याचा आराखडा उचलतो तेव्हा.

रोजचा वापर काढायचा कसा?

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले ती दिवसात चालणारे तास, म्हणजे वॅट-तास. सगळ्यांची बेरीज भागिले १२ (बॅटरी १२ व्होल्टची धरून) केलं की अँपिअर-तास मिळतात, आणि बॅटरीवर छापलेला आकडा याच एककात असतो.

उदाहरणार्थ, ४ वॅटचे चार एलईडी दिवे चार तास चालले तर ६४ वॅट-तास. १५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर १२०. दोन फोनचे तीस-चाळीस. पाण्याचा पंप ६० वॅटचा असला तरी दिवसात पाच-सहा मिनिटंच चालतो, म्हणजे फक्त ६. एकूण साधारण २२५ वॅट-तास, म्हणजे १९ अँपिअर-तासांच्या आसपास.

आता यात कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज घाला. तो चालू असताना ४५ वॅट घेतो असं धरू आणि दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालतो असं मानू. एकट्याचे ४३० वॅट-तास, म्हणजे ३६ अँपिअर-तास झाले. बाकीच्या सगळ्या वस्तूंच्या जवळजवळ दुप्पट! उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये तो याहून जास्त वेळ चालेल. म्हणून दिव्यांच्या वॅटवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आधी फ्रिजचा निर्णय घ्या.

बॅटरी शिसं-आम्लाची घ्यावी की लिथियम?

शिसं-आम्लाची (एजीएम, जेलसुद्धा त्यातच) बॅटरी अर्ध्याहून खाली नेहमी उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासांतले ५०च आपले. वरच्या हिशेबात फ्रिज नसेल तर अडीच दिवस निघतात, फ्रिज असेल तर एक दिवससुद्धा पुरता निघत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून कमी भरते. छोट्या ट्रेलरला वजनाचा मुद्दा मोठा आहे.

तरीही लिथियम म्हणजे आपोआप चांगलं, असं मी म्हणणार नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करता येत नाही, केली तर कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीच्या आतलं नियंत्रक सर्किट चार्जिंग आपणहून थांबवतं, पण ते त्या मॉडेलमध्ये आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. तिला चार्जरही तिच्या जातीचाच लागतो. चार दिवे, एक पंखा आणि अधूनमधून मुक्काम, एवढ्यासाठी साधी एजीएम बॅटरी आजही वाईट नाही.

शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडू शकते. तिला आतली हवा ट्रेलरबाहेर जाईल अशी पेटी द्या. आणि बॅटरी कुठलीही असो, स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरच्या कप्प्यात ती ठेवायची नाही.

फ्यूज लावताना किती बारकाईने लावायचे? एक मुख्य फ्यूज पुरत नाही का?

इथे काटकसर नको. वायरिंग साधं ठेवा असं मी या पानावर पुन्हा पुन्हा म्हणतोय, ते सोयींबद्दल. सोयी कितीही कमी करा, फ्यूज कमी करू नका.

फ्यूज वस्तूला वाचवण्यासाठी असतो असा सर्रास समज आहे. तो असतो तारेला वाचवण्यासाठी. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये थेट शॉर्ट झालं तर क्षणात शेकडो, कधी हजाराहून जास्त अँपिअर वाहतात. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ‘बारा व्होल्टला काय होतंय’ असं म्हणणारे भेटतात. पण तेवढ्या करंटने बारीक तार लाल होऊन तिच्यावरचं प्लास्टिक पेटायला काही सेकंद पुरतात, आणि तिच्या शेजारी बहुतेक वेळा थर्मोकोल किंवा लाकूड असतं.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त वीतभर अंतरावर. फ्यूजच्या आधीची तार उघडीच असते, तिला कोणी राखणदार नाही. लिथियमला साधा गाडीचा ब्लेड फ्यूज मुख्य फ्यूज म्हणून चालत नाही, कारण इतका मोठा शॉर्ट करंट तोडण्याची ताकद त्याच्यात नसते. ‘क्लास टी’सारखा, हजारो अँपिअर तोडू शकणारा फ्यूज घ्या.

मुख्य फ्यूजनंतर सहा खणांची फ्यूज पेटी आणि प्रत्येक शाखेला स्वतःचा फ्यूज. एकच फ्यूज ठेवला तर तो सगळ्या शाखांच्या बेरजेएवढा मोठा घ्यावा लागतो, आणि मग बारीक तारेला तो कधीच वाचवत नाही. मी १ चौरस मिमी तारेला ५ अँपिअर, १.५ला १०, २.५ला १५ अँपिअरच्या वर जात नाही. हे आकडे मुद्दाम हात राखून आहेत, कारण ट्रेलरमधल्या तारा भिंतीत कोंडलेल्या असतात आणि उन्हात तापतात. दिवे दोन शाखांत वाटा. एक फ्यूज उडाला तर दुसरा शोधायला तरी उजेड हवा.

सहापैकी चारच खण लागणार असतील तरी पेटी सहाचीच घ्या.

तार किती जाड?

दोन कसोट्या आहेत. तार तापू नये ही पहिली, आणि तिच्यात फार व्होल्ट खर्च होऊ नयेत ही दुसरी. १२ व्होल्टमध्ये बहुतेक वेळा दुसरीच आधी आडवी येते.

तांब्याच्या तारेचा हिशेब सोपा आहे: ०.०१७५ गुणिले जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले तारेचे चौरस मिमी. उत्तर व्होल्टमध्ये येतं. फ्रिज बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर. करंट ५ अँपिअर आणि तार २.५ चौरस मिमी असेल तर ०.३५ व्होल्टची घट, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. चालेल. तिथेच १ चौरस मिमी वापरली तर घट ०.८७ व्होल्ट. बॅटरी थोडी उतरली की फ्रिजला वाटतं ती संपलीच, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. ‘बॅटरी भरलेली आहे तरी फ्रिज पहाटे बंद पडतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच बारीक तार असते. फ्रिज बदलून ती जात नाही. एलईडी दिव्याला मात्र तीच १ चौरस मिमी तार भरपूर झाली.

तार अनेक बारीक धाग्यांची, लवचिक घ्या. घराच्या भिंतीतली एकसंध तांब्याची तार ट्रेलरमध्ये नको, रस्त्याच्या हादऱ्यांनी ती जोडापाशी तुटते.

निगेटिव्हसाठी ट्रेलरची चासीच वापरली तर निम्म्या तारा वाचतील ना?

वाचतील, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत मंद दिव्यांचा माग काढत फिराल. गंजलेला बोल्ट, रंगाचा थर, ॲल्युमिनियम आणि लोखंडाचा सांधा, यांतलं काहीही त्या वाटेत येऊ शकतं. प्रत्येक शाखेची निगेटिव्ह तार वेगळी ओढून एका बसबारवर (सगळ्या तारा एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणा.

सगळे स्विच एका सुंदर पॅनेलवर हवेत. काही हरकत?

हरकत नाही, पण खर्च कशावर होतोय ते पाहा. सगळे स्विच एका जागी आणायचे म्हणजे प्रत्येक दिव्याची तार आधी पॅनेलपर्यंत आणि तिथून परत दिव्यापर्यंत. चार दिव्यांसाठी आठ प्रवास. त्याऐवजी ज्यांच्या अंगावरच स्विच आहे असे दिवे घ्या. मग एकच शाखा एका दिव्यावरून दुसऱ्यावर पुढे जाते आणि हवा तो दिवा हात लावून पेटवता येतो. पंख्याला स्वतःचा स्विच असतोच, पंप दाबावर आपोआप चालतो. वेगळे स्विच लागतात ते फक्त पंप पूर्ण बंद ठेवायला आणि बाहेरच्या दिव्याला. तारा कमी करण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, आणि आराखडा काढताना तोच हमखास राहून जातो.

स्विच घ्याल ते डी.सी.साठी मान्य केलेले असावेत. घरगुती ए.सी. स्विचमधली ठिणगी करंट शून्यावर आला की विझते. डी.सी. कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे मोठ्या लोडला तीच ठिणगी रेंगाळून स्विच जाळते.

ॲपवरून चालणारे, ब्लूटूथचे स्विच? एखाद्याला हौस असेल तर जरूर. पण ते बंद असतानाही थोडा करंट पीत राहतात आणि फोन उतरला की अंधार. ज्याला साधा फ्यूज शोधायचाही कंटाळा येतो त्याने या वाटेला जाऊ नये.

इन्व्हर्टर लावावा का?

ज्याच्याशिवाय चालणारच नाही अशी घरगुती विजेची एकतरी वस्तू असेल तरच. लॅपटॉपला बहुधा १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर मिळतो, कॅमेऱ्यालाही मिळतो. त्या एका चार्जरने तुमची इन्व्हर्टरची गरज संपत असेल तर वायरिंगचा सगळ्यात अवघड भागच गळून पडला.

१००० वॅट इन्व्हर्टरमधून घेताना बॅटरीकडून ९५ अँपिअरच्या आसपास खेचले जातात. त्याला २५ ते ३५ चौरस मिमीची जाड केबल, वेगळा मोठा फ्यूज आणि बॅटरीला जवळजवळ चिकटून जागा लागते. शिवाय काहीही जोडलेलं नसताना तो नुसता चालू ठेवला तर अर्धा ते एक अँपिअर घेतो. दिवसाचे १२ ते २४ अँपिअर-तास, म्हणजे वरच्या उदाहरणातले दिवे, पंखा आणि फोन मिळून जेवढं घेतात तेवढं. आणि १५०० वॅटची पाण्याची किटली पाच मिनिटं लावली की रात्रभराच्या पंख्याएवढी वीज गेली. गॅसची शेगडी सोबत असताना हे कशासाठी?

सोलर पॅनेल किती?

चांगल्या उन्हात १०० वॅटच्या पॅनेलकडून दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास धरा. फ्रिज नसेल तर एक पॅनेल आरामात पुरतं. फ्रिज असेल तर दोन, आणि झाडाखाली उभं राहायची सवय असेल तर छतावर ठोकण्याऐवजी लांब तारेने उन्हात मांडता येणारं पॅनेल बरं. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा नियंत्रक लागतो. एकाच लहान पॅनेलला साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा चालतो. पॅनेलं वाढली किंवा एकामागे एक जोडायची झाली की एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढणारा घ्यावा.

ओढणाऱ्या गाडीवरून चार्जिंग कसं करायचं?

गाडीपासून ट्रेलरच्या सॉकेटमधून येणारी सरळ तार जोडून काम भागेल असं वाटतं. पण अंतर सहा-आठ मीटर, तार बारीक, आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांतला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारं यंत्र) गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज आपणहून कमी करतो. ट्रेलरपर्यंत जे पोचतं त्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. लिथियमचं उलटं असतं. तिचा आतला रोध इतका कमी की जाड तारेने सरळ जोडली तर ती अल्टरनेटरला तापेपर्यंत राबवते.

दोन्हींवर उपाय एकच, डी.सी.-डी.सी. चार्जर. आलेलं व्होल्टेज तो हवं तेवढं करतो, करंटला लगाम घालतो आणि मुक्कामावर गाडीची बॅटरी रिकामी होऊ देत नाही. १५-२० अँपिअरचा पुष्कळ झाला. त्याच्यासाठी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी जाड तार आणि स्वतंत्र मोठा प्लग ओढावा, आणि त्या तारेला गाडीच्या बॅटरीपाशीही फ्यूज हवा. रोज दोन-चार तास गाडी चालवणाऱ्याला कधीकधी सोलरची गरजच उरत नाही.

मागचे दिवे आणि इंडिकेटर याच फ्यूज पेटीत घेऊ का?

नको. टेल, ब्रेक, इंडिकेटर आणि नंबर प्लेटचा दिवा ही पूर्ण वेगळी व्यवस्था आहे. ती गाडीवरून चालते, गाडीच्या फ्यूजवर चालते, आणि तिचे नियम तुमच्याकडच्या वाहन कायद्याने ठरतात. ट्रेलरची बॅटरी काढून ठेवली तरी ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे.

कॅम्पसाइटवरची घरगुती वीज ट्रेलरमध्ये घ्यायची आहे.

इथे १२ व्होल्टची बेफिकिरी चालणार नाही. १२० असो की २३०, ती जीव घेते, आणि ट्रेलर म्हणजे ओल्या जमिनीवर उभी धातूची पेटी. बाहेरचा योग्य इनलेट, दोन्ही तारा तोडणारा एमसीबी, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की ती तोडणारा स्विच) आणि चासीचं अर्थिंग, एवढं तरी हवंच. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्या तारा १२ व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून न्या. काळी तार डी.सी.मध्ये निगेटिव्ह असते आणि काही देशांत घरगुती विजेची जिवंत तार, हे ध्यानात ठेवा.

बॅटरी भरण्यापुरतीच वीज हवी असेल तर आत सॉकेटं काढूच नका. चार्जरची तार बाहेर काढून कॅम्पसाइटच्या सॉकेटला लावली की झालं.

तयार पॉवर स्टेशन घेतलं तर?

बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर नियंत्रक आणि मीटर एकाच डब्यात. ज्याला वायरिंगची आवड नाही त्याच्यासाठी हा खरोखर चांगला मार्ग आहे, शिवाय ट्रेलर उभा असताना तो डबा घरात वापरता येतो. उणीव अशी की आतलं काही बिघडलं की सगळंच बंद, आणि १२ व्होल्टचं आउटपुट बहुधा दहा अँपिअरच्या आसपास मर्यादित असतं. त्यावरून एक छोटी फ्यूज पेटी चालवून दिवे आणि पंखा जोडता येतो. उद्या स्वतंत्र बॅटरी घेतली तर तीच पेटी तिला जोडायची.

बॅटरी किती उरली हे दाखवणारं मीटर लागतं का?

शिसं-आम्लाला साधं व्होल्टमीटर पुरतं. थोडा वेळ विश्रांती दिलेली बॅटरी १२.७ व्होल्टला भरलेली आणि १२.२ला निम्मी. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे तिथे शंट (करंट मोजण्यासाठी तारेत घालायचा छोटा रोध) लावून येणारा-जाणारा करंट मोजणारं मीटरच खरं सांगतं. हौसेच्या सगळ्या उपकरणांत मी पैसे घालीन ते यात.

जोड डाग देऊन करावेत की दाबून?

दाबून, म्हणजे क्रिम्प करून, आणि त्यासाठी दात असलेलं चांगलं हत्यार वापरून. साध्या पकडीने चेपलेला जोड ओढून पाहा, निम्मे निसटतात. डाग दिलेली तार जिथे डाग संपतो तिथे कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रॉमेट, म्हणजे तार घासू नये म्हणून बसवायचं कडं हवं. बंद भिंतीच्या आत जोड ठेवू नका, तिथे हात पोचत नाही.

सगळं जोडून झाल्यावर तपासायचं कसं?

सगळे फ्यूज काढा, मग मुख्य फ्यूज लावा. आता एकेका शाखेचा फ्यूज लावत जा आणि प्रत्येक वेळी मल्टिमीटरने त्या शाखेच्या टोकाला व्होल्टेज पाहा. मग सगळ्या वस्तू एकत्र चालू करून अर्धा तास जाऊ द्या आणि प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहा. जो कोमट लागेल तो उघडून पुन्हा करायचा. भिंती बंद करण्याआधी फोटो काढा, तारांना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा आणि फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचं हाताने काढलेलं चित्र चिकटवा. पहिला खडबडीत रस्ता झाल्यावर बॅटरीचे आणि बसबारचे नट एकदा पान्याने पाहून घ्या, त्यातला एखादा सैल झालेला असतोच.